उडत्या तबकड्या आणि रूप पालटणारे धातू



रात्रीच्या जपमाळेनंतर अंगणात बसलेल्या माणसांस आकाशातून एखादा प्रकाश सरकताना दिसला, तर पूर्वी वडीलधारी मंडळी क्रूसाची खूण करीत, 'तारा तुटला' एवढेच बोलत आणि झोपावयास जात. आता तसे राहिले नाही. घरातील तरुण खिशातून मोबाईल काढतो, चित्र टिपतो आणि घटकाभरात ते पेडण्यापासून काणकोणापर्यंत घरोघरी पोहोचते. चित्रासोबत भाष्यही येते. कोणी म्हणतो, ही परग्रहवासीयांची उडती तबकडी. कोणी म्हणतो, शत्रूचे गुप्त विमान. आणि कोणी भाविकांस भिववून सांगतो की हे शेवटच्या दिवसाचे चिन्ह होय.

अलीकडे यात आणखी एका मताची भर पडली आहे. या तबकड्या म्हणे अशा 'स्मार्ट' द्रव्यांच्या घडविलेल्या असतात की जी आपला आकार, रंग आणि गुण आपणच पालटू शकतात. म्हणून त्या पंखांवाचून उडतात, एकाएकी वळतात आणि डोळ्यांदेखत नाहीशा होतात. तंत्रशाळेत शिकणाऱ्या काही मुलांनी या मताविषयी आम्हांस विचारले आहे. 'फादर, आपण हसणार नसाल तर' अशी प्रस्तावना करून त्यांनी प्रश्न केला, हे वाचून आम्हांस थोडे वाईट वाटले. ज्या घरात प्रश्न विचारण्यापूर्वी हसण्याची भीती वाटते, त्या घरातील मुले आपले प्रश्न घेऊन दुसऱ्या दारी जातात. तेव्हा या आठवड्यात आपण या विषयाचा शांतपणे विचार करू.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की आपल्या डोक्यावरील आकाश आता रिकामे नाही. वास्कोजवळ दाबोळीच्या पठारावर भारतीय नौदलाचा 'हंसा' नावाचा तळ आहे. तेथून लढाऊ विमाने, हेलिकॉप्टरे आणि समुद्रावर दूरवर पाळत ठेवणारी विमाने उडतात; त्याच धावपट्टीवर प्रवासी विमानेही उतरतात. २०२३ च्या जानेवारीपासून पेडणे तालुक्यातील मोपा येथेही विमानांची ये-जा सुरू झाली आणि त्या बाजूच्या गावांना आकाशात नवे दिवे दिसू लागले. मुरगाव बंदराबाहेर नांगरलेली जहाजे, मासेमारीस गेलेले ट्रॉलर, यांचे दिवेही धुक्यात पाण्यापासून सुटून अधांतरी तरंगताना भासतात. त्यातच २०१९ पासून 'स्टारलिंक' नावाचे लहान उपग्रह डझनावारी सोडले जात आहेत. सोडल्यानंतरच्या पहिल्या काही रात्री ते माळेतील मण्यांसारखे एकामागून एक जाताना दिसतात. अशा आकाशाखाली राहणारा मनुष्य 'मी काहीतरी पाहिले' असे म्हणतो, तेव्हा त्याने खरोखर काहीतरी पाहिलेले असते. ते काय होते, हा पुढचा प्रश्न.

लाडबोरीची कडी

या प्रश्नाचे उत्तर कसे शोधावे, याचा उत्तम धडा आपल्याच मराठी मुलखातील एका खेड्याने दिला आहे. २ एप्रिल २०२२ हा गुढीपाडव्याचा दिवस होता. त्या सायंकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून मध्य प्रदेशापर्यंतच्या लोकांना जळत्या गोळ्यांची एक रांग आकाशातून सरकताना दिसली. उल्का क्षणार्धात विझते. हे प्रकाश संथपणे, एका मागोमाग एक, शेपट्या मागे ओढीत चालले होते. सहस्रावधी लोकांनी ते पाहिले आणि तर्कांना ऊत आला.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावात, एका मोकळ्या जागेत, मोठा आवाज होऊन धातूची एक प्रचंड कडी पडली. तिचा व्यास सुमारे तीन मीटर होता. त्याच तालुक्यात पवनपारच्या बाजूस सुमारे दीड फूट व्यासाचा एक गोल गोळाही सापडला. देवाची कृपा अशी की कोणालाही इजा झाली नाही. गावकऱ्यांनी पोलिसांना कळविले, जिल्हाधिकाऱ्यांकडे वार्ता गेली आणि पुढे भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ येऊन वस्तू पाहून गेले. अंतराळातील वस्तूंची नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी त्या वेळेशी व त्या मार्गाशी जुळणारी वस्तू सांगितली: चीनच्या 'चांग झेंग ३ बी' या अग्निबाणाचा तिसरा टप्पा. तो फेब्रुवारी २०२१ मध्ये उडाला होता आणि वर्षभर पृथ्वीभोवती फिरून त्या दिवशी खाली आला.

गोळा जळून भस्म का झाला नाही? अग्निबाणात अतिशय दाबाखाली वायू साठविण्यासाठी गोल टाक्या असतात, कारण गोल आकारावर दाब सर्व बाजूंनी सारखा वाटला जातो. अशा टाक्या पुष्कळदा टायटॅनियमसारख्या धातूच्या असतात. हा धातू १६६० अंशांहून अधिक उष्णतेवाचून वितळत नाही. काही टाक्यांवर कार्बनच्या तंतूंचे वेष्टनही गुंडाळलेले असते. बाकीचा सांगाडा हवेच्या घर्षणाने जळून जातो आणि या टाक्या मात्र जमिनीवर येऊन पडतात. म्हणजे लाडबोरीच्या गूढाचा उलगडा करण्यात द्रव्याच्या ज्ञानाचा मोठा वाटा होता. आपला आजचा विषय हाच आहे.

शहाणी द्रव्ये

'स्मार्ट' द्रव्य म्हणजे काय? बाहेरून उष्णता, दाब, प्रकाश किंवा वीज लागताच जे ठरावीक रीतीने आपले रूप वा गुण पालटते, ते. यात जादू काही नाही आणि ही कल्पना मनुष्याला निसर्गानेच शिकविली आहे. कुंपणाजवळची लाजाळू बोट लागताच पाने मिटते, कारण तिच्या पानांच्या देठांशी असलेल्या फुगीर सांध्यांतील पाणी एका बाजूने ओसरते. खारेवाडोच्या धक्क्यावर उतरणारी माणकी, जिला वर कोकणात माकूळ म्हणतात, ती जिवंतपणी क्षणात रंग पालटते. तिच्या कातडीत रंगाच्या बारीक पिशव्या असतात व स्नायू त्या ताणतात वा सैल सोडतात. निर्माणकर्त्याच्या या कारागिरीपुढे आमच्या प्रयोगशाळा अद्याप शाळकरी आहेत.

तरी माणसाने जे साधले आहे तेही थोडे नाही. आपल्या स्वयंपाकघरातील गॅस पेटविण्याचा लायटर घ्या. खटका दाबताच आतील हातोडी एका विशिष्ट स्फटिकावर आपटते आणि ठिणगी पडते. दाबले असता वीज देणाऱ्या स्फटिकांचा हा गुण झाक व पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधला. हाच गुण उलटाही चालतो: वीज दिली की स्फटिक थरथरतो. ट्रॉलरवर माशांचा थवा दाखविणारे यंत्र याच थरथरीने पाण्यात ध्वनी सोडते आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकते. उन्हात काळा होणारा चष्मा हाही याच कुळातला.

या सर्वांत अधिक नवल वाटावे असा आहे स्मृतिधातू. १९५९ च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या एका प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर हे निकेल व टायटॅनियम यांचे मिश्रण तपासत होते. पुढे एका बैठकीत या धातूची चुणीदार घडी घातलेली पट्टी सर्वांच्या हाती फिरत असता, एका अधिकाऱ्याने सहज आपल्या पाइपचा लायटर तिच्याखाली धरला. सर्वांच्या देखत पट्टी उलगडून सरळ झाली! या धातूला 'निटिनॉल' हे नाव मिळाले. आता कारण ऐका. फळीवर पुस्तके ओळीने उभी असावीत आणि कोणी ती एका अंगास कलती करावीत; प्रत्येक पुस्तक आपल्या शेजाऱ्यापाशीच राहते, फक्त ओळ तिरपी होते. या धातूतील अणूंच्या ओळी थंड असता अशा कलू शकतात आणि उष्णता मिळताच पुन्हा ताठ उभ्या राहतात. शेजार न सुटल्यामुळे मूळ आकार 'आठवतो'. आज दातांना वळण लावणाऱ्या तारांत आणि पायांच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवणाऱ्या काही जाळ्यांत हा धातू आपल्या लोकांच्या अंगावर, अंगात वावरत आहे. २०१७ मध्ये नासाने अशाच एका मिश्रधातूच्या साहाय्याने उडत्या लहान विमानाच्या पंखांची टोके हवेतच दुमडून दाखविली. जड यंत्रांची तेथे गरज पडली नाही.

खुलासा कोठवर पोहोचतो

आता तबकड्यांकडे वळू. 'उडती तबकडी' हे नाव केनेथ आर्नल्ड या अमेरिकन वैमानिकाच्या हकिकतीवरून २४ जून १९४७ नंतर रूढ झाले. त्यानंतरच्या साक्षींत काही गोष्टी वारंवार येतात: पंख वा शेपूट न दिसणे, आकार पालटल्यासारखा वाटणे, रडारवर कधी दिसणे तर कधी न दिसणे, अकस्मात वेग घेणे, तीव्र कोनात वळणे आणि एवढे करूनही आवाज न होणे. यांपैकी अतिशय प्रसिद्ध साक्ष १४ नोव्हेंबर २००४ ची आहे. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ 'निमित्झ' या विमानवाहू जहाजाच्या वैमानिकांनी एक पांढरी, लांबोडी, पंखहीन वस्तू पाहिली आणि ती पाहता पाहता निघून गेली असे सांगितले. हे वैमानिक अनुभवी होते. त्यांना खोटे ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही.

शहाण्या द्रव्यांनी यातील काय उलगडते? जे दिसण्याशी संबंधित आहे ते बरेचसे उलगडू शकते. दुमडणारे पंख वर सांगितलेच. २०११ मध्ये बीएई सिस्टिम्स या कंपनीने रणगाड्यावर बसविण्याच्या षट्कोनी तावदानांचा एक संच दाखविला; ही तावदाने झटपट थंड वा गरम होत असल्यामुळे उष्णता पाहणाऱ्या कॅमेऱ्याला रणगाड्याच्या जागी एखादी मोटारगाडी दिसते. २००६ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात, जॉन पेंड्री यांच्या सिद्धांताच्या आधारे, तांब्याच्या बारीक नक्षीची वर्तुळे रचून सूक्ष्मलहरींना एका लहान तांब्याच्या नळकांड्याभोवतून वळविण्यात आले. ते नळकांडे त्या लहरींपुरते जवळजवळ लपले. आपल्या डोळ्यांना मात्र ते उघड दिसत होते. तेव्हा कॅमेऱ्यात विचित्र दिसणारी, रडारला चकविणारी, पंख लपविणारी वस्तू माणसाने बनविणे अशक्य नाही. असे एखादे विमान गुप्तपणे उडत असेल, तर त्याला पाहणारा मनुष्य चक्रावून जाईल यात संशय नाही.

खुलासा कोठे थांबतो

परंतु दिसणे वेगळे आणि चालणे वेगळे. समजा, एक टन वजनाची वस्तू केवळ एका सेकंदात स्थिर अवस्थेपासून सेकंदाला सुमारे एक किलोमीटर एवढा वेग घेते. पृथ्वीच्या ओढीच्या शंभरपट जोर तिला त्या क्षणी लागेल. साठ किलो वजनाच्या माणसाला आपल्या अंगावर सहा हजार किलोंचा भार पडल्यासारखे वाटेल. कसलेला लढाऊ वैमानिकसुद्धा नऊपटीपर्यंतचा भार, तोही थोडाच वेळ, सोसतो. आणि त्या एका सेकंदापुरती लागणारी शक्ती? हिशेब केला तर ती सुमारे ४८० मेगावॅट येते. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॅटचे संच आहेत. त्यांतील एक अख्खा संच, बॉयलर आणि चिमणीसह, त्या तबकडीच्या पोटात बसवावा लागेल!

शिवाय जो पुढे जातो तो कशाला तरी मागे ढकलतो. वल्हे पाणी ढकलते, विमान हवा ढकलते, अग्निबाण आपला जळता वायू ढकलतो. हा न्यूटनचा नियम धातूने रूप पालटले म्हणून बदलत नाही. ध्वनीहून अधिक वेगाने हवेत धावणाऱ्या वस्तूपुढे हवा दाबली जाऊन गडगडाट होतो आणि पृष्ठभाग तापतो. कातडी कितीही शहाणी असली तरी समोरची हवा तिला बाजूस सारावीच लागते. स्मृतिधातूची धावही मर्यादित आहे: तो आपल्या लांबीच्या शेकडा आठांपर्यंत ताण आठवू शकतो आणि पुन्हा थंड झाल्यावाचून पुढची खेळी खेळत नाही. सारांश, शहाणी द्रव्ये वस्तूचे सोंग समजावून देतील, पण तिने घेतलेली अचाट उडी समजावून देणार नाहीत.

मग ती उडी खरोखर घेतली गेली होती काय, हा प्रश्न उरतो. आपण कदंब बसमधून मडगावास जाताना खिडकीजवळचे माड मागे धावतात आणि दूरचा डोंगर आपल्यासोबत चालतो. बस चालते आहे हे विसरलो, तर माडच धावतात असे वाटेल. अमेरिकन नौदलाच्या विमानातून २०१५ मध्ये घेतलेल्या एका चित्रफितीत समुद्रावरून काहीतरी भयंकर वेगाने जाताना दिसते. नासाने नेमलेल्या स्वतंत्र अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ मध्ये आपला अहवाल दिला. त्यात पडद्यावर छापलेल्या आकड्यांवरून त्या वस्तूचा हिशेब मांडला आहे. ती वस्तू समुद्रालगत नव्हती, सुमारे तेरा हजार फूट उंचीवर होती, आणि तिचा वेग ताशी अवघा चाळीस मैलांच्या आसपास होता. तेवढा तर वाऱ्याचाही असतो. वेग होता तो चित्र घेणाऱ्या विमानाचा. म्हणजे तेथे नव्या धातूची गरजच पडली नाही. त्रिकोणमितीने काम भागले.

सर्वच साक्षी अशा सुटल्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकन सरकारने जून २०२१ मध्ये १४४ नोंदींचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांपैकी फक्त एकच खात्रीने ओळखता आली होती. तो हवा गेलेला एक मोठा फुगा होता. बाकीच्यांविषयी पुरेशी माहितीच नव्हती. 'ओळख पटली नाही' याचा अर्थ एवढाच की ओळख पटली नाही. ओळख न पटलेल्या पाहुण्याला चोर ठरविणे जितके गैर, तितकेच त्याला राजा ठरविणेही गैर.

तुकडा हाती आला तेव्हा

द्रव्याविषयीच्या दाव्यात एक सोय आहे: द्रव्य तपासता येते. अमेरिकेत रॉसवेल येथे १९४७ च्या उन्हाळ्यात एका कुरणात चंदेरी वर्ख, रबराच्या पट्ट्या व हलक्या काठ्या सापडल्या होत्या. चुरगळला तरी पुन्हा आपोआप सपाट होणारा वर्ख तेथे होता, अशा कथा तीसएक वर्षांनंतर सांगितल्या जाऊ लागल्या. तोवर स्मृतिधातूची वार्ता जगभर पसरली होती. १९९४ मध्ये तेथील हवाई दलाने सांगितले की ते अवशेष, रशियाच्या अणुस्फोटांची चाहूल घेण्यासाठी उंच सोडलेल्या फुग्यांच्या एका गुप्त मालिकेचे होते. तसे पाहता आकार आठवणाऱ्या मिश्रधातूचा गुण सोने व कॅडमियम यांच्या मिश्रणात १९३२ मध्येच दिसला होता. तो शिकविण्यास कोणी आकाशातून उतरावे लागले नाही.

१९४७ च्याच एका तथाकथित अपघातातून आल्याचे सांगितलेला आणखी एक तुकडा बरीच वर्षे हातोहाती फिरत होता. त्यात मॅग्नेशियम व बिस्मथ यांचे थर होते आणि ते अतिसूक्ष्म लहरींना वाट काढून देतात, त्यातच तबकडीच्या उड्डाणाचे रहस्य आहे, असा दावा होता. अखेर ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने त्याची कसून तपासणी केली आणि निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला: धातू याच पृथ्वीवरचा, माणसाच्या कारखान्यातला, आणि सांगितलेला अद्भुत गुण त्यात नाही. आमच्या मते या तुकड्याने विज्ञानाची चांगली सेवा केली. जोपर्यंत तो कोणाच्या पेटीत होता तोपर्यंत ती दंतकथा होती. प्रयोगशाळेच्या टेबलावर आला आणि ज्ञान झाला.

आपल्या देशातही असे नमुने वरचेवर उतरतात. हैदराबाद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे सोडण्याचे केंद्र आहे. तेथील प्रचंड फुगे पातळ प्लॅस्टिकचे असून तीस किलोमीटरांहूनही उंच जातात. जमिनीवर सूर्यास्त झाला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असते, म्हणून ते काळोख्या आकाशात झळकतात. वर चढता चढता फुगून त्यांचा आकारही पालटतो. त्यांची यंत्रे कधी महाराष्ट्राच्या शेतांत येऊन पडतात. ती न उघडता पोलिसांस कळवावे, अशी विनंती संस्था लोकांस करीत असते.

ख्रिस्तसभेची रीत

आता आमच्या श्रद्धेच्या दृष्टीने दोन शब्द. 'धर्म मानणाऱ्याने अशा चौकशीत पडू नये' असे काहींना वाटते. परंतु व्हॅटिकनची स्वतःची वेधशाळा आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये तिची नव्याने स्थापना केली आणि येशूसंघीय तेथे आजही काम करतात. त्यांच्या संग्रहात आकाशातून पडलेल्या उल्कापाषाणांचे हजाराहून अधिक नमुने आहेत आणि ते त्यांचे वजन, घनता, घटक मोजीत असतात. परग्रहांवर जीव असल्यास आमच्या श्रद्धेस बाध येतो काय, असा प्रश्न या वेधशाळेचे तत्कालीन संचालक फादर फुनेस यांना २००८ मध्ये विचारला गेला. देवाच्या सृजनशक्तीला आपण मर्यादा घालू शकत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. तेव्हा भिण्याचे कारण नाही. मात्र 'असू शकेल' आणि 'काल रात्री चिखलीवरून गेले' यांत मोठे अंतर आहे.

दृष्टांत व चमत्कार यांच्या बाबतीतही ख्रिस्तसभा घाई करीत नाही. १७ मे २०२४ रोजी रोमहून याविषयी नवे नियम प्रसिद्ध झाले. त्यांनुसार महागुरुस्वामींनी साक्षी ऐकाव्यात, तज्ज्ञांकडून तपास करवावा आणि ठरवून दिलेल्या सहा निष्कर्षांपैकी एकावर यावे. घटना निश्चितपणे अलौकिक आहे असे घोषित करणे सामान्यतः अपेक्षितच नाही. पवित्र गोष्टींच्या बाबतीत जर ख्रिस्तसभा इतकी सावध, तर एका मोबाईलवरच्या अंधूक ठिपक्यावरून आम्ही शेवटचा दिवस जवळ आला असे कोणत्या तोंडाने सांगावे? संत अगस्तीन यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावरील आपल्या विवेचनात बजावले आहे की, आकाश व तारे यांविषयी ख्रिस्ती मनुष्य शास्त्राचे नाव घेऊन भलतेच बोलू लागला, तर ऐकणारे त्याला हसतात आणि मग पुनरुत्थानाविषयीचे त्याचे बोलणेही खरे मानीत नाहीत. सोळा शतके लोटली तरी हा इशारा जुना झालेला नाही. आणि संत थोमाने जखमांना हात लावून पाहू इच्छिले, तेव्हा प्रभूने त्याला दाराबाहेर काढले नाही, जवळ बोलावले.

पालकांस आमची विनंती अशी. तुमच्या मुलाने आकाशात काही पाहिल्याचे सांगितले तर त्याला वेडा म्हणू नका आणि संदेष्टाही बनवू नका. त्याला वही आणून द्या. किती वाजले होते, कोणत्या दिशेस, क्षितिजापासून किती उंच, किती वेळ दिसले, आवाज आला काय, वारा कोणीकडचा, आपण स्थिर होतो की वाहनात, हे त्याने त्याच रात्री लिहून ठेवावे. आठवण सकाळपर्यंतच रूप पालटू लागते, आणि तिला मूळ आकारावर आणणारा लायटर अद्याप निघालेला नाही. शेतात वा किनाऱ्यावर अनोळखी वस्तू सापडली तर हात लावू नये, मुलांना दूर ठेवावे व पोलिसांस कळवावे. अग्निबाणाच्या टाक्यांत विषारी द्रव्याचे अवशेष असू शकतात. ज्या चित्राचे मूळ ठाऊक नाही ते पुढे पाठवू नये. आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मना करते, आणि भीती पसरविणारी खोटी वार्ता ही साऱ्या गावाविरुद्ध दिलेली साक्ष होय.

आणि ज्या मुलांनी आम्हांस प्रश्न विचारला त्यांना एवढेच सांगणे आहे: या द्रव्यांचा अभ्यास अवश्य करा. लाडबोरीच्या गावकऱ्यांनी ती कडी लपविली असती किंवा तिची पूजा मांडली असती, तर ती काय होती हे कोणालाच कळले नसते. त्यांनी ती जाणत्यांच्या हाती दिली. उद्या तशीच एखादी वस्तू आपल्या गावी येऊन पडली, तर ती ओळखणारे जाणते तुमच्यापैकीच निघोत, अशी आम्ही मिस्साबलिदानात प्रार्थना करू.